सांवेरच्या वाटेवर रणजी करंडक

इंदूरहून उज्जैनला जाणाऱ्या यात्रेकरूला सांवेर हे गाव ठाऊक असते ते वाटेवरचा एक थांबा म्हणून. महाकालाच्या दर्शनाची ओढ लागलेली मंडळी येथे चहा घेतात, फार तर उलट्या हनुमानाला हात जोडतात आणि पुढे निघतात. मुक्कामाच्या उद्देशाने सांवेरला आलेला पाहुणा विरळाच. इंदूरपासून सुमारे ३० किलोमीटरवर वसलेले हे गाव पूर्वी होळकर राज्यातला एक परगणा होते, आज ते इंदूर जिल्ह्यातले तहसिलीचे ठिकाण आहे. भोवती माळव्याची काळी जमीन, पावसाळ्यात सोयाबीन आणि हिवाळ्यात गहू, हरभरा, बटाटे, लसूण. क्रिकेटच्या इतिहासात सांवेरचे नाव शोधू गेल्यास कोठे सापडावयाचे नाही. असे असूनही, मध्यप्रदेशाच्या संघाचे पुढे काय होणार, या आमच्या घरोघरी चालणाऱ्या वादाचे उत्तर मला जर कोठे थोडेबहुत मिळाले असेल, तर ते याच गावी.

आम्ही निघालो ते २०२५ च्या मार्चअखेरीस. रणजी करंडकाचा २०२४-२५ चा हंगाम संपून महिना होत आला होता. करंडक विदर्भाने नेला होता आणि आपला मध्यप्रदेशाचा संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नव्हता. बरोबर शेजारचे नाना होते. नानांचे वय आता ऐंशीच्या पुढे. होळकर संघाचा अखेरचा अंतिम सामना त्यांनी १९५५ साली, वडिलांचे बोट धरून, यशवंत क्लबच्या मैदानावर पाहिलेला. तिसरी माझी पुतणी. ती महाविद्यालयाच्या संघात यष्टिरक्षण करते आणि नानांना एकही विधान पुराव्यावाचून करू देत नाही. नानांना उलट्या हनुमानाचे दर्शन घ्यावयाचे होते, मला गाव पाहावयाचे होते, आणि पुतणीला, तिच्याच शब्दांत सांगावयाचे तर, "नानाआजोबांच्या गोष्टीतल्या चुका काढायच्या" होत्या.

सरवटे बसस्थानकाजवळून गाडी वळली तेव्हाच पहिली चूक निघाली. नाना म्हणाले, "चंदू सरवट्यांचं नाव शहरानं असं जपलंय बघ." पुतणीने लगेच दुरुस्ती केली, "नानाआजोबा, हे स्थानक विनायक सीताराम सरवट्यांच्या नावाचं. ते घटना समितीत होते." नानांनी मान्य केले, पण क्रिकेटपटू सरवट्यांची हकीकत सांगितल्यावाचून गाडी पुढे जाऊ दिली नाही. १९४६ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात, ओव्हलवर सरे संघाविरुद्ध, अखेरच्या जोडीने २४९ धावा जोडल्या. सरवटे नाबाद १२४ आणि शूट बॅनर्जी १२१. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकांच्या फलंदाजांनी शतके ठोकल्याची ही गोष्ट इंदूरच्या मराठी घरांत एके काळी रामरक्षेसारखी पाठ असे.

होळकर संघाविषयी आमच्या पिढीने जे ऐकले ते वडीलधाऱ्यांच्या तोंडून, आणि म्हणून त्यात भक्तीचा भाग मोठा. पण नुसते आकडे मांडले तरी डोळे दिपावेत अशीच ती कारकीर्द आहे. १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंतच्या ११ हंगामांत हा संघ १० वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असा चार वेळा अजिंक्य ठरला. नागपूरच्या कोट्टारी कनकय्या नायडूंना तुकोजीराव होळकरांनी १९२३ साली इंदूरला आणून आपल्या सैन्यात अधिकारी केले. पुढे यशवंतराव होळकरांच्या काळात त्यांच्याभोवती संघ उभा राहिला. मुश्ताक अली इंदूरचेच. सरवटे सागरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे, खंडू रांगणेकर मुंबईकडून आलेले. महूच्या छावणीत लष्करी नोकरीवर असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनसुद्धा १९४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून खेळला. मुंबईने ८६७ धावांचे अशक्यप्राय आव्हान दिले असता त्याने नाबाद २४९ धावा केल्या आणि तरीही होळकर ३७४ धावांनी हरले.

पुढच्याच हंगामात उपान्त्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध इंदूरला होळकरांनी ८ बाद ९१२ धावा करून डाव सोडला. त्या एका डावात सहा शतके झाली: भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग. सहांपैकी चार आडनावे मराठी. अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध नायडूंनी २०० धावा केल्या तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडलेली होती. अर्थात दैव नेहमीच प्रसन्न नव्हते. १९४७ साली त्याच बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावा जोडून होळकरांना असे तुडवले, की ती आठवण निघाली की नाना अजूनही विषय बदलतात.

बाणगंगा मागे पडली, सांवेर रोडवरचे कारखाने सरले, अरबिंदो रुग्णालयही गेले. धरमपुरीच्या पुढे दोन्ही बाजूंना कापणीला आलेला गहू पिवळा पडलेला दिसू लागला. येथे पुतणीने तो प्रश्न विचारला, जो आमच्या घरांत सहसा कोणी मोठ्याने विचारीत नाही. "एवढा मोठा संघ होता, तर मग तो गेला कुठे?"

नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "राज्य गेलं, तसा संघही गेला."

उत्तर लहान असले तरी त्यात सगळा इतिहास आहे. १९४८ साली होळकर राज्य मध्यभारतात विलीन झाले. १९५५ च्या मार्चमध्ये मद्रासने होळकरांना अंतिम सामन्यात ४६ धावांनी हरवले आणि त्यानंतर होळकर या नावाचा संघ रणजी करंडकात पुन्हा उतरला नाही. १९५६ साली मध्यप्रदेश राज्य झाले. नव्या संघाच्या वाट्याला मैदाने आली, काही जुने खेळाडू आले, पण संस्थानिकांचा खजिना, नोकऱ्या आणि कनकय्या नायडूंसारखा सेनापती आला नाही. दरबाराने घडवलेला संघ दरबाराबरोबर मावळला. आपण जो वारसा म्हणतो तो पुष्कळ अंशी एका उदार महाराजांचा आश्रय होता आणि आश्रयाला वंश नसतो, हे कटू असले तरी मान्य केले पाहिजे.

यानंतरची प्रतीक्षा फार लांबली. १९९८-९९ मध्ये चंद्रकांत पंडित यांच्या नेतृत्वाखाली मध्यप्रदेशाने बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर अंतिम सामन्यात कर्नाटकावर पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली. सामना अनिर्णित राहता तरी करंडक आपला होता. पण अखेरच्या दिवशी डाव १५० धावांत आटोपला आणि ९६ धावांनी पराभव झाला. त्या पराभवाचे शल्य कर्णधाराने किती वर्षे उरात बाळगले, ते पुढे साऱ्या देशाने पाहिले. बरोबर २३ वर्षांनी, २६ जून २०२२ रोजी, त्याच मैदानावर हेच पंडित प्रशिक्षक म्हणून उभे होते. समोर संघ होता मुंबईचा, ४१ वेळा अजिंक्य ठरलेला. मुंबईच्या ३७४ धावांना यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या शतकांनी ५३६ चे उत्तर मिळाले आणि आदित्य श्रीवास्तवच्या संघाने सहा गडी राखून सामना जिंकला. मध्यप्रदेश या नावाने मिळालेला हा पहिला करंडक.

त्या दिवशी इंदूरच्या मराठी घरांत काय चालले होते, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना कदाचित सांगूनही उमजणार नाही. आपल्या वाचकांना मात्र ते लगेच कळेल. नानांचे जावई दादरचे. ते त्या आठवड्यात सासुरवाडीस आले होते. मुंबईचा गडी बाद झाला की बाहेरच्या खोलीतून टाळी आणि आतून उसासा, असा प्रकार पाच दिवस चालला. तिसऱ्या दिवशी जावयांनी थट्टेने विचारले, "नाना, मराठी माणूस म्हणून तुम्ही खरे तर मुंबईच्या बाजूचे असायला हवे." नानांनी उत्तर दिले नाही. त्यांनी आदल्या दिवसाचे वर्तमानपत्र उघडले आणि पंडितांच्या छायाचित्रावर बोट ठेवले. मुंबईत घडलेला मराठी खेळाडू मध्यप्रदेशासाठी डोळ्यांत पाणी आणतो आहे, मग बाजू भाषेवरून कशी ठरवावी?

हा प्रश्न क्रिकेटपुरता नाही. इंदूर, उज्जैन, देवास, धार, ग्वाल्हेर येथल्या आपल्या घरांना दोन-अडीचशे वर्षे होत आली. लग्नपत्रिकेत आपण मूळ गाव लिहितो ते सातारा, वाई, रत्नागिरी. पण रोजचे पाणी नर्मदेचे पितो आणि पोह्यांवर शेव घालतो. होळकर संघ होता तोवर ही दुविधा उद्भवली नाही, कारण तो संघ एकाच वेळी माळव्याचा आणि मराठी असा दोन्ही होता. तो गेल्यावर पुष्कळ घरांनी मनातल्या मनात मुंबईचा आसरा घेतला. मुंबईचा विजय आपला मानावयाचा आणि मध्यप्रदेशाच्या पराभवाकडे परक्याच्या कानाडोळ्याने पाहावयाचे, अशी सवय दोन पिढ्यांना जडली. २०२२ च्या जूनने ती सवय मोडली. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी मध्यप्रदेशाच्या संघातली अकरा नावे सांगितली नसती, ती माणसे आता धावफलक पाहून रात्री झोपेनाशी झाली.

आणि एकदा आपला म्हटले की दुःखही आपले. २०२२-२३ मध्ये गतविजेता म्हणून संघ उपान्त्य सामन्यात उतरला तो इंदूरच्याच होळकर मैदानावर आणि बंगालकडून ३०६ धावांनी हरला. २०२३-२४ मध्ये त्याच मैदानावर आंध्राला अवघ्या चार धावांनी हरवून आशा पल्लवित झाल्या, तोच नागपूरला विदर्भाने ६२ धावांनी वाट अडवली. २०२४-२५ मध्ये तर गटातच अडखळणे झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुखापतीतून परतलेल्या महंमद शमीने येथे येऊन सात बळी घेतले आणि बंगालने ११ धावांनी सामना काढला. त्याच डिसेंबरमध्ये वीस षटकांच्या सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या अंतिम सामन्यात रजत पाटीदारने नाबाद ८१ धावा करूनही मुंबईने आपल्याला पाच गडी राखून हरवले.

"चार, बासष्ट, अकरा!" पुतणी बोटांवर मोजीत म्हणाली. "अंतर काही फार नाही."

"अंतर नेहमीच थोडं असतं," नाना म्हणाले. "छेचाळीस धावा मलाही थोड्याच वाटल्या होत्या. बारा वर्षांचा होतो मी. वडील म्हणाले होते, पुढल्या वर्षी पाहू."

यावर कोणी काही बोलले नाही. सांवेर आले होते.

उलट्या हनुमानाचे मंदिर साधेच आहे. गाभाऱ्यात शेंदराने माखलेले मारुतिरायाचे मुख आहे, तेही उलटे, मस्तक खाली असे. कथा सांगतात की अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पाताळात पळवून नेले, तेव्हा त्यांना सोडविण्यासाठी हनुमानाने येथूनच पाताळात उडी घेतली. डोके खाली केल्यावाचून पाताळात शिरणार कसे? म्हणून मूर्ती उलटी. ओळीने काही मंगळवार दर्शनाला येण्याचा नेम करणारे भाविक बरेच दिसले. नानांनी मनोभावे नमस्कार केला. काय मागितले, हे आम्ही विचारले नाही. विचारण्याची गरजही नव्हती.

मंदिराकडून परतताना गावाबाहेर कापणी उरकलेल्या एका शेतात मुलांचा खेळ रंगला होता. जमिनीचा पट्टा पाणी मारून आणि चोपून कठीण केलेला, एका बाजूला विटांची उतरंड, दुसऱ्या बाजूला तीन काटक्या, आणि टेनिसचा चेंडू. एक पंधरा-सोळा वर्षांचा सडपातळ मुलगा लांबून धावत येऊन असा चेंडू टाकीत होता की पुतणी जागीच थबकली. "काका, याचा हात बघा," ती म्हणाली. "किती वरून येतोय!"

षटक संपल्यावर आम्ही त्याला हाक मारली. मुलगा माळवी वळणाची हिंदी बोलत होता. वडील दुसऱ्यांच्या शेतावर राबतात, तो स्वतः अकरावीत आहे. चामड्याचा चेंडू टाकला आहेस का? टाकला आहे, दोनदा, शाळेच्या सामन्यात. इंदूरला निवड चाचणीला गेला आहेस का? नाही. का नाही, या प्रश्नाला त्याने खांदे उडवले. मग हिशेब सांगितला: जाण्यायेण्याचे भाडे, बुटांचे पैसे, आणि ज्या दिवशी जायचे त्या दिवशी शेतावर एक हात कमी. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. बाजारभाव सांगावा तसे त्याने ते सांगितले.

नानांनी त्याला विचारले, "कनकय्या नायडूंचे नाव ऐकले आहेस?"

"हाँ भिया," तो उत्साहाने म्हणाला, "तेवीस वर्षांखालची ट्रॉफी!"

"आणि मुश्ताक अली?"

"ती वीस षटकांची ट्रॉफी."

मला वाटले, नाना आता खिन्न होतील. ज्या मैदानी देवांना त्यांनी डोळ्यांनी पाहिले, ते त्यांच्याच जिल्ह्यातल्या मुलाला केवळ चषकांची नावे म्हणून ठाऊक असावेत! पण नाना हसले. त्यांनी मुलाच्या हातातला चेंडू घेतला, शिवणीवर बोटे कशी ठेवावीत ते थरथरत्या हाताने दाखवले आणि म्हणाले, "हे मुश्ताक अली माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडून सायकलवर जायचे." मुलगा त्यांच्याकडे पाहतच राहिला. एक चषक सायकलवर बसून जातो आहे, असेच काहीसे त्याला दिसले असावे.

परतीच्या वाटेवर वाद पुन्हा सुरू झाला, पण त्याचे वळण बदलले होते. पुढला करंडक कोण आणणार, याऐवजी तो कोठून येणार, याची चर्चा होऊ लागली. २०२२ च्या विजयाकडे पाहिले तर उत्तराचा माग लागतो. होळकर संघाचे मोहरे महाराजांनी वेचून आणलेले होते. आजच्या संघाचा पाया राज्यातल्या दहा विभागांच्या आपसांतल्या सामन्यांत आहे. मुंबईविरुद्ध दुसऱ्या डावात चार बळी घेणारा कुमार कार्तिकेय उत्तर प्रदेशातून दिल्लीमार्गे येऊन शहडोल विभागाकडून खेळत वर आला. वेगवान गोलंदाज कुलदीप सेन रीव्याकडचा, केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्या वडिलांचा मुलगा. मुलींच्या खेळाने तर याहून मोठी मजल मारली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मध्यप्रदेशाच्या महिला संघाने बंगालला हरवून वरिष्ठ गटाचा एकदिवसीय करंडक पहिल्यांदा जिंकला आणि छत्तरपूर जिल्ह्यातल्या घुवारा या लहानशा गावची क्रांती गौड २ नोव्हेंबर २०२५ रोजी विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. शहडोल, रीवा, घुवारा: नकाशावर ही ठिकाणे इंदूरच्या मैदानापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. सांवेर अवघे ३० किलोमीटर. दूरची पोरे पोहोचली आणि जवळचे पोर अजून शेतातच आहे, याचा विचार इंदूरकरांनी करावयास हवा.

आमच्या सहलीनंतर दोन महिन्यांनी, ३ जून २०२५ रोजी, इंदूरच्या रजत पाटीदारने बंगळूरच्या संघाला त्याचे पहिले आयपीएल अजिंक्यपद मिळवून दिले, आणि सप्टेंबरमध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मध्य विभागाने दुलीप करंडक जिंकला. नानांनी दोन्ही वेळा पेढे वाटले. पेढे देताना त्यांनी पुतणीला बजावले, "हा आपला मुलगा जिंकला. आपला संघ अजून जिंकायचा आहे." दोहोंतला हा भेद महत्त्वाचा आहे. एखादा थोर खेळाडू दैवाने मिळतो. संघ मात्र सांवेरसारख्या पन्नास गावांतून, पन्नास मुलांचे भाडे आणि बूट यांची सोय झाल्यावर उभा राहतो. पूर्वी हे काम एका महाराजांनी केले. आता महाराज नाहीत. त्यांच्या जागी आहेत क्रीडासंघटना, शाळा, आणि तुम्ही-आम्ही.

आपल्या समाजाजवळ या प्रदेशात वाचनालये आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत, शिष्यवृत्त्या देणारे निधी आहेत. वर्षातून एकदा त्यातला लहानसा भाग एखाद्या गावातल्या गोलंदाजाच्या बुटांसाठी निघाला, तर तो मुलगा मराठी आहे की माळवी, हे विचारण्याचे कारण नाही. कनकय्या नायडूंना इंदूरने त्यांची मातृभाषा विचारली नव्हती. ते तेलुगू होते, आणि आमचे आजोबा त्यांना आपला कर्नल म्हणत.

पुतणीने त्या दिवशी मुलाच्या शाळेचे नाव लिहून घेतले होते. पुढे तिने आणि तिच्या मैत्रिणींनी मिळून काटेरी तळाच्या बुटांची एक जोडी आणि चामड्याचे दोन चेंडू तिकडे पोहोचते केले. तो मुलगा निवड चाचणीला जाईल, निवडला जाईल, राज्याकडून खेळेल, असे कोणी सांगावे? बहुतेक मुले निवडली जात नाहीत, हाच या खेळाचा नियम आहे. पण चाचणीला जाणाऱ्यांची रांग सांवेरपर्यंत लांबली, तर पुढले अजिंक्यपद पाहण्यास सत्तर वर्षे लागणार नाहीत. नानांचा हिशेब मात्र याहून घाईचा आहे. ते म्हणतात, "माझ्या वडिलांचं ते 'पुढल्या वर्षी' एकदा आलं. आता आणखी एकदा आलं, की पुरे."